फायबरच्या पत्र्याचे बळ कशात असते?

शाळेची स्थापना, पहिली तुकडी, वसतिगृहातील पहाटेची वंदना यांच्या आठवणी या स्मरणिकेत इतरांनी लिहिल्या आहेत. आम्ही विज्ञान व कार्यशाळा विभागाचे शिक्षक. संपादक मंडळाने आमच्याकडे अभ्यासलेख मागितला, तेव्हा विषयासाठी फार शोधावे लागले नाही. आमच्या कार्यशाळेच्या भिंतीला एक तुटलेले झाकण अनेक वर्षे टेकवून ठेवले आहे. दर वर्षी नव्या तुकडीला आम्ही पहिला धडा त्या झाकणावरून देतो. तोच धडा येथे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासाठी थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

हे झाकण मागच्या आवारातील जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे. एका मे महिन्याच्या सुटीत नववीच्या मुलांना सोबत घेऊन ते आम्हीच बनवले होते. साच्यावर जेलकोट लावला, त्यावर काचेची मॅट अंथरली आणि रेझिन ओतून ब्रशने पसरले. निघाले तेव्हा ते पांढरेशुभ्र आणि आरशासारखे चकचकीत होते. पालक सभेत त्याचे कौतुकही झाले. त्यावर मुले उभी राहत, बसत. काही झाले नाही. चौथ्या वर्षी पहिल्या पावसात धावत आलेल्या एका मुलाने त्यावर उडी घेतली आणि झाकण मधोमध फुटून तो आत पडला. टाकीत पाणी कमरेइतकेच होते. गुडघा खरचटण्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी टाकी पूर्ण भरायची होती, हे आठवले की आजही आम्हांला अस्वस्थ वाटते.

दोष आमचाच होता. मात्र तो नेमका कोठे होता हे शोधताना आम्ही जे शिकलो, त्यामुळे आमची कार्यशाळा बदलली.

काचेचा धागा

बाजारात आपण ज्याला नुसते 'फायबर' म्हणतो, ते खरे पाहता दोन पदार्थांचे एकत्रित रूप आहे: काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. खिडकीची काच दगड लागताच फुटते, मग तिच्याच जातीच्या पदार्थाने पत्रा बळकट कसा होतो, असा प्रश्न मुले नेहमी विचारतात.

बळ मोजण्यासाठी 'मेगापास्कल' हे एकक वापरतात. एक चौरस मिलिमीटर क्षेत्रावर एक न्यूटन, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम वजनाचा भार, हा एक मेगापास्कल होय. साध्या काचेचे ताणबल ५० मेगापास्कलच्या आसपास असते. याचा अर्थ तिचा एक चौरस मिलिमीटर छेद पाचेक किलो वजन पेलतो. तीच वितळलेली काच बारीक छिद्रांतून वेगाने ओढून तिचे १०-२० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, तंतू केले, तर ताज्या तंतूचे ताणबल सुमारे ३,४०० मेगापास्कल भरते. तेवढ्याच छेदावर आता साडेतीनशे किलोच्या जवळपास वजन! आपल्या ओळखीच्या साध्या पोलादाची सळई २५० मेगापास्कलला कायमची लांबू लागते आणि ४०० च्या थोडे पुढे तुटते.

ही किमया कशामुळे होते, याचा उलगडा ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज संशोधकाने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे असतात आणि ताण त्या तड्यांच्या टोकाशी एकवटतो. म्हणून काच तिच्या अंगच्या बळाच्या कितीतरी आधीच तुटते. तंतू जितका बारीक, तितका मोठा तडा त्यात मावण्याची शक्यता कमी. ग्रिफिथने जसजसे बारीक तंतू ओढले, तसतसे त्यांचे बळ वाढत गेले. काचतंतूंचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. आज आपल्या राज्यातही रायगड जिल्ह्यात तळोजा येथे काचतंतू तयार होतात.

रेझिन काय करते?

तंतू एवढा बळकट असेल तर रेझिन हवेच कशाला? घट्ट झालेल्या पॉलिएस्टर रेझिनचे स्वतःचे ताणबल ५०-७० मेगापास्कल एवढेच असते. पण नुसत्या तंतूंचा झुपका ओढता येतो, त्याला दाबता किंवा वाकवता येत नाही. दोरी ओढली तर भार घेते, ढकलली तर लोळागोळा होते, तसेच हे. रेझिन तंतूंना जागच्या जागी धरते, एकमेकांवर घासून ओरखडे पडू देत नाही आणि पाण्यापासून त्यांचे रक्षण करते. एक तंतू तुटला तर त्याचा भार शेजारच्या तंतूंकडे पोचवण्याचे सर्वांत महत्त्वाचे कामही तेच करते.

समजा, निम्मे आकारमान तंतूंचे आणि निम्मे रेझिनचे आहे आणि सर्व तंतू एकाच दिशेने सरळ आहेत. काचतंतूचा ताठरपणा सुमारे ७२ गिगापास्कल, तर रेझिनचा साडेतीन गिगापास्कल आहे. तंतूंच्या दिशेने ओढले असता दोघेही सारखेच लांबतात, त्यामुळे भार ताठरपणाच्या प्रमाणात वाटला जातो. हिशेब केला तर एकूण भाराच्या १०० भागांपैकी सुमारे ९५ भाग तंतू उचलतात आणि ५ रेझिन. पण तो ५ भागांचा धनी नसेल तर ९५ भागांचा धनी उभा राहू शकत नाही.

मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्यातील रथाचा संवाद आमच्या मुलांना पाठ असतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे; सर्वांच्या योग्य जुळणीला रथ हे नाव. फायबरचा पत्रा शिकवताना आम्ही त्या संवादाची आठवण करून देतो. बळ काचेत नाही, रेझिनमध्ये नाही, हार्डनरमध्ये नाही. ते या सर्वांच्या जुळणीत आहे. जुळणी बिघडली की उत्तम मालही उपयोगी पडत नाही.

धाग्यांची दिशा

जुळणीतील पहिली गोष्ट दिशा. पोलादाचा पत्रा कोणत्याही दिशेने ओढा, बळ जवळपास सारखे मिळते. फायबरच्या पत्र्याचे तसे नाही. एकाच दिशेने तंतू लावलेला इपॉक्सीचा चांगला पत्रा तंतूंच्या दिशेने ८०० ते १,००० मेगापास्कल पेलतो आणि आडव्या दिशेने ४० च्या आसपासच फाटतो. आडव्या दिशेला भार घ्यायला तंतूच नसतात. सारा भार रेझिनवर आणि त्याच्या चिकटण्यावर पडतो.

आपल्या भागातील कारागीर बहुधा दोन प्रकारचे कापड वापरतात. एक, तुकडे केलेल्या तंतूंची मॅट. तिचे तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्यामुळे कोणत्याही एका दिशेला ताठरपणा देण्यात त्यांची कामगिरी सुमारे तीन-अष्टमांशच असते. शिवाय मॅट रेझिन फार पिते. हाताने केलेल्या कामात वजनाने ३० टक्केच काच बसते. अशा पत्र्याचे ताणबल १०० मेगापास्कलच्या आसपास असते. दुसरे, उभ्या-आडव्या धाग्यांचे जाड विणलेले कापड, ज्याला कार्यशाळेत 'रोव्हिंग' म्हणतात. त्यात काचेचे प्रमाण वजनाने ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि धाग्यांच्या दोन्ही दिशांना ताणबल २०० मेगापास्कलच्या पुढे मिळते. मात्र विणलेले दोन थर एकमेकांना नीट चिकटत नाहीत, म्हणून मधे मॅटचा थर देतात. भार कोणत्या दिशेने येणार हे आधी ओळखून त्याप्रमाणे कापड कापणे, यात कारागिराची बुद्धी दिसते. आमच्या जुन्या झाकणात केवळ मॅट होती.

जाडीचा हिशेब

दुसरी गोष्ट जाडी. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीवर मधोमध भार दिला, तर तिच्या खालच्या पृष्ठावरील ताण काढण्याचे सूत्र दहावीच्या मुलालाही वापरता येते: भार गुणिले अंतर गुणिले ३, भागिले रुंदी गुणिले जाडीचा वर्ग गुणिले २. जाडीचा वर्ग छेदात आहे, म्हणून जाडी दुप्पट केली की ताण चौपटीने घटतो. वाकण्याला होणारा विरोध तर जाडीच्या घनाप्रमाणे, म्हणजे आठपट वाढतो.

आमचे झाकण ६०० मिलिमीटर रुंद, ६०० मिलिमीटर अंतरावरील दोन कडांवर टेकलेले आणि केवळ ३ मिलिमीटर जाड होते. त्यावर ४५ किलोचा, म्हणजे सुमारे ४५० न्यूटन भाराचा, मुलगा मधोमध उभा राहिला तर सूत्राप्रमाणे ताण ७५ मेगापास्कल येतो. भार एकदम पडला तर तो निदान दुप्पट धरावा लागतो, म्हणजे १५०. उंचावरून उडी घेतली तर त्याहूनही अधिक. जाडी ६ मिलिमीटर असती तर उभे राहताना ताण १९ मेगापास्कलच्या आत राहिला असता. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. झाकण बनवण्यापूर्वी तो आम्ही केला नव्हता.

बादलीची चाचणी

झाकण का तुटले हे पाहण्यासाठी आम्ही त्याच्याच शाबूत भागातून २० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. पट्टी ६० मिलिमीटर अंतरावरील दोन लोखंडी सळ्यांवर ठेवली, मधोमध तारेचा आकडा अडकवला आणि त्याला बादली टांगून तीत हळूहळू वाळू ओतली. ही मापे मुद्दाम निवडली होती. ३ मिलिमीटर जाडीला सूत्र इतके सोपे होते की, न्यूटनमधील भाराला २ ने भागले की मेगापास्कलमधील नमनबल मिळते. जुन्या झाकणाची पट्टी बादलीसह १६ किलोला तुटली; म्हणजे बळ सुमारे ८० मेगापास्कल. त्याच जाडीची, त्याच मॅटची, पण काळजीपूर्वक बनवलेली नवी पट्टी ३२ किलोपर्यंत टिकली, म्हणजे १६०.

आता चित्र स्पष्ट झाले. उभ्या मुलाचा ताण ७५ आणि झाकणाचे बळ ८०. चार वर्षे मुले त्यावर उभी राहिली तेव्हा ते जेमतेम तग धरून होते. उडीचा भार येताच फुटले. 'इतके दिवस काही झाले नाही' हा बळाचा पुरावा नव्हे, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

न दिसणारे दोष

सारखा माल असूनही एक पट्टी दुसरीच्या निम्मी दुबळी का? तुटलेली कड भिंगाखाली धरल्यावर उत्तर मिळाले.

पहिला दोष हवेच्या बुडबुड्यांचा. रेझिन नुसते ब्रशने पसरले होते; खाचांच्या लोखंडी रोलरने दाबून हवा बाहेर काढली नव्हती. बुडबुड्यांचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की थरांमधील चिकटपणाचे बळ साधारण ७ टक्क्यांनी घटते, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. दुसरा दोष कोरड्या तंतूंचा. काही ठिकाणी मॅट रेझिनने भिजलीच नव्हती. ते तंतू पांढऱ्या केसांसारखे सुटे दिसत होते. जेथे रेझिन पोचले नाही तेथे भार पोचत नाही.

तिसरा दोष घाईचा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर सामान्यतः वजनाच्या १ ते २ टक्के घालतात. फलटणच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पारा चाळिशी गाठतो, तेव्हा तेच प्रमाण रेझिनला काही मिनिटांतच घट्ट करू लागते. आमचे रेझिन डब्यातच दाटू लागले होते आणि ते वाया जाऊ नये म्हणून आम्ही तसेच थापले. याउलट पावसाळ्यात दमट मॅट वापरली किंवा हार्डनर कमी पडला, तर पत्रा आतून कच्चा राहतो. आता आम्ही उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम संपवतो, रेझिन थोडे थोडे कालवतो आणि प्रत्येक वेळी वजन करतो. अंदाजाने ओतणे बंद केले आहे.

हे तिन्ही दोष जेलकोटखाली झाकलेले होते. लोखंडाचा पत्रा कारखान्यातून तयार येतो, त्याचे बळ गिरणीतच ठरलेले असते. फायबरचे तसे नाही. येथे पदार्थ आणि वस्तू एकाच वेळी, कारागिराच्या हाताखाली जन्माला येतात. पत्रा किती बळकट होणार, हे त्या अर्ध्या तासात रोलर फिरवणारा हात ठरवतो, आणि नंतर ते बाहेरून कोणालाही दिसत नाही.

पठारावरची पाती

या हातांवर किती मोठा भार असतो हे दाखवण्यासाठी आम्ही मुलांना साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर नेतो. तेथे आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडेच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सांगली जिल्ह्यात जत, कवठेमहांकाळ, ढालगाव या बाजूलाही त्या दिसतात. या चक्क्यांची पाती मुख्यतः काचतंतू व रेझिन यांचीच असतात. खुद्द तंतूंची दिशा तेथे पाहण्यासारखी असते: पात्याच्या लांबीने धावणारे सरळ तंतू वाकवणारा भार घेतात, तर तिरके लावलेले थर पिळाला विरोध करतात.

पात्याची खरी परीक्षा एका वादळात होत नाही, ती फेऱ्यांत होते. पाते वर जाताना आणि खाली येताना त्याच्या स्वतःच्या वजनाचा भार उलटसुलट होतो. मिनिटाला १५ फेरे, वर्षाला ५,००० तास आणि २० वर्षे एवढे धरले तरी ९ कोटी फेरे होतात. भार वारंवार दिला की पदार्थ थकतो. पत्र्यात प्रथम रेझिनमध्ये बारीक तडे जातात, मग थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि शेवटी तंतू तुटतात. आवर्तने दहापट झाली की टिकणारा भार मूळ बळाच्या साधारण दहाव्या हिश्श्याने कमी होतो, असा एक स्थूल नियम आहे. म्हणजे एक कोटी आवर्तनांनंतर मूळ बळाच्या तीन-दशांशावरच भिस्त ठेवता येते. म्हणून जाणता अभियंता एकदा मोजलेल्या बळावर विसंबत नाही. ऊन, पाणी आणि थकवा यांसाठी मोठी राखीव ठेवतो.

समुद्रावरचे उदाहरण गोव्याचे. मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस नौकाबांधणी कारखान्यात 'तारिणी' ही भारतीय नौदलाची शिडाची नौका तयार झाली. तिच्या कवचात मधे लाकूड आणि दोन्ही अंगांनी काचतंतूंचे थर आहेत. वर आपण जाडीचा नियम पाहिला, तोच येथे हुशारीने वापरला आहे: बळकट थर बाहेर, हलका गाभा मधे, म्हणजे वजन फारसे न वाढवता जाडी मिळते. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. दक्षिणेकडील खवळलेल्या समुद्रात त्या सहा जणींचे प्राण, ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत अशा कारागिरांच्या रोलरवर विसंबून होते.

काम करणाऱ्याची काळजी

पत्र्याच्या बळाइतकेच ते बनवणाऱ्याचे शरीर महत्त्वाचे. पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरिनची वाफ निघते. बंद खोलीत तिने डोके दुखते, डोळे चुरचुरतात. कापताना व घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला आणि श्वासमार्गाला त्रास देते. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन्ही रेझिनमध्ये घालायचे असले तरी एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यातून स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, हार्डनर नंतर. चष्मा, हातमोजे, मुखपट्टी आणि उघडी खिडकी यांशिवाय आमच्या कार्यशाळेत डबा उघडला जात नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे आज स्वतःचे छोटे कारखाने आहेत, त्यांनी आपल्या कामगारांसाठीही हाच नियम ठेवावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगाराचे हित हा आपल्यासाठी केवळ जयंतीच्या भाषणाचा विषय नाही.

१९४२ मध्येच सरकारला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली होती. पालकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण 'हाताचे काम' म्हटले की काहींच्या कपाळावर अजून आठी पडते. हाताच्या कामाला हिशेबाची जोड मिळाली की त्याचे तंत्रज्ञान होते. आय.टी.आय.मध्ये किंवा छत्रपती संभाजीनगर येथील 'सिपेट'सारख्या केंद्र सरकारच्या संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञानाचे पुढचे शिक्षण घेता येते.

टाकीवर आज नवे झाकण आहे. ते ६ मिलिमीटर जाडीचे, मॅट आणि रोव्हिंगचे थर आलटून पालटून घातलेले, खालून दोन फासळ्या दिलेले असून त्याला कुलूप आहे. त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या रेझिनची एक पट्टी आम्ही सोबत बनवली आणि आधी बादली टांगून तिची परीक्षा घेतली. त्यानंतरच झाकण बसवले. ही सोबतची पट्टी आता प्रत्येक कामाबरोबर बनते. तिच्यावर तारीख, हार्डनरचे प्रमाण आणि रोलर फिरवणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लिहून ती फळीवर ठेवली जाते.

आतल्या थरातले काम कोणी पाहत नाही. तेथे प्रामाणिक राहणे हाच सम्यक आजीविकेचा अर्थ आम्ही मुलांना सांगतो. जे माजी विद्यार्थी या किंवा अशा एखाद्या व्यवसायात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस आमच्या कार्यशाळेत यावे, आपल्या कामातील यश सांगावे आणि चुकाही सांगाव्यात. भिंतीला टेकलेले ते जुने झाकण त्यांना जागेवरच दिसेल.